न हललेले फोटो

बोईसर
१० नोव्हेंबर १९८६

सावेभाऊजींना शरयूचा नमस्कार.

तुमची नाशिकला बदली झाली आणि पत्र लिहायचं राहून गेलं. खरं म्हणजे राहून गेलं नाही, मी टाळत होते. लिहायला बसलं की ह्यांच्याबद्दल लिहावं लागणार होतं.

मार्चमध्ये ह्यांना जाऊन वर्ष होईल. त्या दिवशी जेवण घालण्याऐवजी आमच्या शाळेच्या सभागृहात ह्यांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं मी ठरवलं आहे. ‘जनार्दन चुरी यांची समुद्रपक्ष्यांची छायाचित्रे’ असा फलकही रंगवायला दिला. मुख्याध्यापक हो म्हणाले. हर्षदा बडोद्याहून जावयांना घेऊन येणार आहे.

इतकी वर्षं दर रविवारी तुम्ही दोघं चिंचणीच्या किनाऱ्यावर जायचात. संध्याकाळी हे घरी आले की मी चहा पुढे ठेवून विचारायची. आज काय पाहिलंत, कुठे बसलात, डबा कधी खाल्लात, कोण भेटलं. ते सांगायचे आणि मी रोजनिशीत उतरवून ठेवायची. फोटोखाली लावायचा मजकूर त्यातूनच घेते आहे. वाचताना समुद्राचा वास येतो, इतकं बारीक सांगितलेलं आहे त्यांनी.

एकच जागा रिकामी राहिली, कालवफोड्याची. काळापांढरा, लाल चोचीचा तो पक्षी त्यांना फार हवा होता. “पुढच्या थंडीत नक्की,” असं दरवर्षी म्हणायचे. ती पुढची थंडी आता आली आहे. तो फोटो मी काढायचा आणि सर्वांत शेवटी लावायचा, असा माझा हट्ट आहे. हट्ट हा शब्द विचार करूनच लिहिला आहे.

कॅमेरा आणि ती लांबलचक रशियन लेन्स कपाटातच होती. कॅमेरा कसा चालवायचा ते तुम्ही हर्षदाच्या लग्नात शिकवलं होतं, तेवढ्या बळावर मागच्या रविवारी चिंचणीला जाऊन एक अख्खा रोल संपवला. फोटो हातात देताना स्टुडिओवाले हसू दाबत होते. “बाई, एवढी लेन्स नुसत्या हातात धरून? हे पक्षी आहेत की धूर?” ट्रायपॉडशिवाय ही लेन्स म्हणजे नुसतं ओझं, असं त्यांचं म्हणणं.

ह्यांचा ट्रायपॉड घरात नाही. जड आहे म्हणून सावेकडे ठेवलाय, असं ते सांगायचे. तुमच्या सामानाबरोबर नाशिकला आला आहे का? असल्यास रेल्वे पार्सलने पाठवा, खर्च मी देईन. नसेल तर कोणता घ्यावा ते कळवा. समुद्राच्या वाऱ्यात उभा राहील असा हवा, आणि माझ्या पगारात बसेल असा.

आपली,
शरयू चुरी

•

नाशिक
२१ नोव्हेंबर १९८६

शरयूवहिनी, नमस्कार.

तुमचं पत्र वाचताना ही मला विचारत होती, “काय झालं, चेहरा का उतरला?” म्हटलं, काही नाही, वहिनी प्रदर्शन भरवतायत. “मग त्यात उतरण्यासारखं काय?” आता काय सांगणार हिला. जनूची आठवण आली, दुसरं काय.

प्रदर्शनाची कल्पना चांगलीच आहे. पण एवढं मोठं कशाला? जनूला गाजावाजा सोसायचा नाही. स्वतःच्या वाढदिवसाला सुद्धा रजा टाकून झोपणारा माणूस तो. घरीच चार फोटो मांडा, शेजारपाजारचे बोलवा, पोहे करा. सभागृह म्हटलं की भाषणं आली, हार आले, प्रश्न विचारणारे आले.

ट्रायपॉड गेला हो. खाऱ्या हवेनं सांधे गंजले, पाय उघडेनात. बदलीच्या गडबडीत भंगारवाल्याला दिला. तुम्हाला विचारायला हवं होतं, चुकलोच.

आणि कालवफोड्याचं मनावर घेऊ नका. तो भलता चलाख पक्षी. आम्हाला नाही सापडला तो तुम्हाला कुठला? माझं ऐकाल तर लेन्स विकून टाका, बुरशी धरायच्या आत. घ्यायचाच असेल ट्रायपॉड, तर मुंबईला फोर्टात ॲल्युमिनियमचा मिळतो. एकात एक सरकणारे पाय, खांद्याच्या पिशवीत मावतो, दोनशेच्या आत. बाईमाणसाला बरा.

हिचा नमस्कार. हर्षदाला आशीर्वाद.

तुमचा,
भालचंद्र सावे

•

बोईसर
८ डिसेंबर १९८६

सावेभाऊजींना नमस्कार.

पाकिटावर तुम्ही सवयीने ‘सौ.’ लिहिलंत. पोस्टमन देताना जरा थांबला. मला राग आला नाही, हे मुद्दाम लिहिते, नाहीतर नंतर आठवून तुम्हालाच वाईट वाटायचं.

तुम्ही सांगितलात तसा ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड भावाकडून मागवला. काल पहिल्या एसटीनं चिंचणीला गेले. बोंबील वाळत घातलेल्या दांड्यांच्या पुढे, ओल्या वाळूच्या अलीकडे तो मांडला. काशीबाई म्हणून मासेमारी करणाऱ्या मांगेली बाई आहेत, बोंबील उलटत होत्या. त्या येऊन उभ्या राहिल्या.

“काय मोजता बाय? रस्ता येनार हाय का आमच्या घरावरून?”

“नाही हो. पक्ष्यांचा फोटो काढतेय.”

“पाखरांचा? पाखरू काय थांबतंय फोटूला! आमच्या म्हाताऱ्याचा काडा. दिसभर पडून असतो, अजाबात हलत नाय.”

तेवढ्यात वारा आला आणि ट्रायपॉडचे पाय चक्क गुणगुणायला लागले. मी दोन्ही हातांनी धरून ठेवला, तर मागून लाट आली, एका पायाखालची वाळू गेली आणि तो कॅमेऱ्यासकट कलला. मी वरच्या वर झेलला. काशीबाई म्हणाल्या, “तुमचा बगला लंगडा हाय, बाय. घरी ठेवा त्याला.”

तरी रोल संपवला. आधी मला वाटलं दोष माझ्या हातांचा. म्हणून हात न लावता, वायर जोडून लांबून बटण दाबलं. तरी सगळे फोटो हललेले. प्रत्येक पक्ष्याला दोन कडा. एका फोटोत लाल चोच, म्हणजे कृष्णधवल फोटोतली तिची करडी रेघ, दोनदा उमटली आहे.

घरी येऊन ह्यांचे फोटो भिंगाखाली धरले. वाऱ्याने उलटलेलं सुरय पक्ष्याच्या पाठीवरचं पीसन् पीस सुटं दिसतं. किनारा तोच, वारा तोच, आणि लेन्सही हीच. मग ह्यांचा ट्रायपॉड होता तरी कसला? जो गंजला तो सुद्धा ॲल्युमिनियमचाच होता का? ॲल्युमिनियम गंजतं का? मी मराठी शिकवते, मला खरंच माहीत नाही. नीट सांगा. उगाच सोपं करून सांगू नका.

शरयू चुरी

•

नाशिक
१९ डिसेंबर १९८६

वहिनी,

तुम्ही कसल्या ऐकताय! बरं, मग नीटच सांगतो.

ती लेन्स पक्षी जितका जवळ आणते तितकीच थरथरही मोठी करते. ॲल्युमिनियमच्या नळ्या वाऱ्यात बासरीसारख्या वाजतात, म्हणजेच हलतात. तिथे लाकूडच हवं. लाकूड थरथर पिऊन टाकतं. रस्ते मोजणारे ज्यावर दुर्बीण ठेवतात ना, तशी लाकडी तिपाई मुंबईच्या जुन्या बाजारात मिळते. सागवानी, पायांना लोखंडी टोकं. नवीन चांगल्या ट्रायपॉडच्या पाव किमतीत येते, कारण फोटोवाल्यांना ती उचलायचा कंटाळा. तिच्या माथ्यावर कॅमेऱ्याचा स्क्रू बसत नाही, त्यासाठी बोईसरच्या कुठल्याही लेथवाल्याकडून पट्टी करून घ्यायची.

टोकं वाळूत रुतत जातात, म्हणून खाली डालड्याच्या डब्यांची झाकणं ठेवायची. पाय पूर्ण उंच करायचे नाहीत, बसूनच काम करायचं. मधोमध जाळ्याच्या तुकड्यात दगड बांधून लोंबता सोडायचा, पण तो वाळूला हलका टेकलेला हवा, नाहीतर झोपाळा होतो! आणि वारा एकसारखा नसतो हो. तो येतो, मग श्वास घेतो. त्या श्वासात बटण दाबायचं. पहिल्या थंडीत मला हे कळतच नव्हतं. मग एका सकाळी तुतारी पक्ष्यांचा थवा उतरला, वारा पडला, आणि हात न लावता नुसतं वायरचं बटण... काय सांगू! डोळ्यांत पाणी आलं होतं.

जनूचीही तशीच लाकडीच होती. गंजली ती टोकं आणि बिजागऱ्या.

पण बारा-चौदा किलोचं धूड असतं ते. तुम्हाला झेपणार नाही. मी मनापासून सांगतो, राहू द्या आता.

भालचंद्र

•

बोईसर
१२ जानेवारी १९८७

सावेभाऊजींना नमस्कार.

लाकडी तिपाई आली. लेथवाल्याने पट्टी करून दिली, पैसे घेईना. त्याची मुलगी माझ्या वर्गात आहे. मी बळेच दिले. काल ती चिंचणीला नेली. एसटी स्टँडपासून किनाऱ्यापर्यंत बैलगाडीवाल्याला विनवावं लागलं.

गाडीच्या मागे चालताना माझ्या मनात एक साधी गोष्ट आली आणि मी रस्त्यातच उभी राहिले. ह्यांच्या मणक्याची चकती सरकलेली. कमरेला पट्टा असायचा. घरात पाण्याची बादली मी त्यांना उचलू देत नव्हते. मग हे धूड दर रविवारी ते कसे नेत होते? लगेच मी स्वतःला समजावलं, सावेभाऊजी उचलत असतील. मित्रच तो.

किनाऱ्यावर तिपाई मांडली. झाकणं ठेवली. काशीबाईंकडे जुन्या जाळ्याचा तुकडा मागितला. दगड बांधायला लागले तशा त्या मोठ्याने हसल्या.

“आगो बाय! हा तर टकल्या सायबाचा धंदा! तो पन आसाच दगड बांधायचा. माज्याकडनंच न्यायचा जालं.”

मी म्हटलं, हो, ते आमचे सावेभाऊजी. आणि त्यांच्याबरोबर असायचे ते माझे यजमान.

“कोन? त्याच्यासंगं कोन नसायचं.”

पर्समध्ये ह्यांचा फोटो होता. तो दाखवला. काशीबाईंनी हात लुगड्याला पुसून फोटो घेतला, उन्हात धरला, सुनेलाही हाक मारून दाखवला.

“ह्यांना नाय पायलं बाय आमी कदी. टकल्या सायब मातर दर आयतवारी. एकटाच. आमी म्हनायचो, ह्याला घरी बायको जेवाया घालत नाय वाटते.”

त्यानंतर मी कालवफोड्याचा फोटो काढला. तो एकटा, ओल्या खडकावर होता. वाऱ्याने श्वास घेतला, मी बटण दाबलं. फोटो आज हातात आला आहे. जराही हललेला नाही. चोचीतल्या शिंपल्याची कड सुद्धा दिसते. अशा वेळी आनंद व्हायला हवा होता.

त्यांच्याकडे ट्रायपॉड कधीच नव्हता. आणि ट्रायपॉडशिवाय असा फोटो निघत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. भाऊजी, भिंतीवर लावायला जे फोटो मी काचेत मढवून आणले, ते कोणी काढले?

शरयू

•

नाशिक
२४ जानेवारी १९८७

वहिनी,

मी काढले. सगळे.

तो मागायचा, मी द्यायचो. सुरुवातीला गंमत वाटली, पुढे सवय झाली. सोमवारी कंपनीच्या कँटीनमध्ये मी त्याला सांगायचो, काल काय दिसलं, वारा कसा होता. तो पुढच्या रविवारी तुम्हाला तेच सांगायचा. तुम्हाला आठवत असेल, तो नेहमी आठवडाभर मागे असायचा. पाऊस येऊन गेला असला तरी त्याच्या समुद्रावर ऊनच.

प्रदर्शन त्याच्याच नावानं करा. माझी अजिबात हरकत नाही. माझ्या भिंतीवर एक तरी फोटो लागला का? हिला पक्ष्यांचं काही नाही. तुमच्या घरी ते लागले, तुम्ही पाहुण्यांना बोट लावून दाखवायचात, ते मला पुरायचं.

तो कुठे जायचा ते मला विचारू नका. गेलेल्या माणसाबद्दल बोलायला लावू नका. शटल गाडीनं शेजारच्या स्टेशनावर, उमरोळीला उतरायचा, एवढंच.

भालचंद्र

•

बोईसर
९ फेब्रुवारी १९८७

सावेभाऊजी,

काल मी उमरोळीला गेले.

तुमच्या पत्रानंतरचा मधला रविवार मी घरात बसून काढला. तिच्याबद्दल विचार करत होते. ती कशी असेल. शिकलेली असेल की नाही. माझ्याहून लहान असेल असं आधी धरलं. मग वाटलं, मोठी असेल तर जास्त लागेल. तिला एखादं मूल असेल, त्याला ह्यांचं नाक असेल. काय नेसून जावं याचाही विचार केला, आणि तो केल्याची मला लाज वाटली, आणि तरीही इस्त्रीची साडी नेसले. तिला काय विचारायचं ते पाठ केलं होतं. पहिला प्रश्न होता, त्यांनी तुला माझ्याबद्दल काय सांगितलं?

उमरोळीला उतरले तर फलाटावर चहाचं एक खोपटं. दामू म्हणून माणूस आहे. त्याला फोटो दाखवला.

“चुरी साएब! कवापासून येत नाय. बदली जाली काय?”

मी म्हटलं, वारले. तो जागेवर बसला. मग त्याने मला चहा दिला. मी विचारलं, साहेब कुणाच्या घरी जायचे?

“कुनाच्या? कुनाच्या नाय. हितंच.”

“इथेच म्हणजे?”

त्याने फलाटाच्या टोकाला शिरीषाखालचा बाक दाखवला. “सकालच्या शटलनं यनार. पेपर वाचनार. डबा खानार, त्यातली भाकरी कुत्र्याला टाकनार. मंग ती काली पिशवी उशाला घेऊन झोपनार. सांजच्या गाडीला मी उठवायचो. कंदी कंदी म्हनायचे, दामू, आजची जाऊ दे रे.”

“कोणी भेटायला यायचं?”

“कोन यनार? आमाला वाटायचं डोक्यानं जरा हाय. पन बोलायला येकदम शाना मानूस.”

मी विचारलं, काय बोलायचे?

“कायच नाय. येकदा मीच इचारलं, साएब, घरी कोन कोन आसतं? तर म्हनले, दामू, तू तरी नको रे इचारू.”

मी त्या बाकावर जाऊन बसले. समोर रूळ, पलीकडे भातकापणी झालेली रिकामी खाचरं. पाहण्यासारखं तिथे काहीही नाही. मी शोधलं. काळी पिशवी म्हणजे कॅमेऱ्याची. मी दर शनिवारी तिची धूळ पुसून ठेवायची.

भाऊजी, बाई नव्हती. तुम्हाला ते माहीत होतं. मग ‘विचारू नका’ असं का लिहिलंत? मला इतके दिवस तिला शोधू का दिलंत? हे मात्र मला कळायलाच हवं.

शरयू

•

नाशिक
२० फेब्रुवारी १९८७

वहिनी,

बाई आहे असं मी लिहिलं नव्हतं. तुम्ही धरलंत. मी धरू दिलं, हे खरं. बाई असती तर तुम्हाला तिचा राग करता आला असता, मलाही शिव्या घालता आल्या असत्या, आणि सगळं मार्गी लागलं असतं. हे जे आहे, त्याचं तुम्ही काय करणार, ते मला सुचत नव्हतं.

आता विचारताच आहात तर ऐका. पहिले दोन रविवार तो खरंच माझ्याबरोबर आला होता. वाळू तापते म्हणाला, कंटाळला. घरी गेला. तुम्ही विचारलंत, काय पाहिलं? तो म्हणाला, काही नाही. तुम्ही विचारलंत, काही नाही म्हणजे काय? दिवसभर माणूस काहीच पाहत नाही असं कसं होईल? मग काय विचार करत होतात? तो मला दुसऱ्या दिवशी म्हणाला, “सावे, ती वही उघडून बसली होती रे. तिला लिहायचं होतं.” मी माझा एक फोटो दिला. पुढच्या रविवारी तो घेऊन घरी फार आनंदात गेला, असं तो सांगत होता. तुम्हीही आनंदात होतात म्हणे.

तुम्ही वाईट विचारत नव्हतात. आमच्या हिनं मला जन्मात कधी विचारलं नाही, काय पाहिलं म्हणून. मी ऐकून म्हणायचो, जन्या, तू नशीबवान. तो म्हणायचा, मग अदलाबदल कर.

त्याला कोणीतरी हवं होतं असं मला कधी वाटलं नाही. त्याला एक दिवस कोणीच नको होतं.

लिहून टाकलं. फाडून टाका.

भालचंद्र

•

बोईसर
२७ एप्रिल १९८७

सावेभाऊजींना नमस्कार.

तुमचं पत्र फाडलेलं नाही. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण प्रत्येक उत्तराच्या शेवटी मी प्रश्न लिहीत होते. हे पाचवं-सहावं लिहिते आहे, त्यात काही विचारायचं नाही असं ठरवून.

प्रदर्शन झालं. तुमचं नाव घालायचं, फलक पुसून नवा रंगवायचा, असं मी आदल्या दिवसापर्यंत म्हणत होते. खरं काय ते सांगायला हवं, असं मी मुलांना इतकी वर्षं शिकवलं. पण हर्षदा आली. प्रत्येक फोटोपुढे उभी राहून रडली. जावयांना म्हणाली, “बाबांचा हात बघ किती स्थिर होता.” फलक तसाच राहिला.

आणि गंमत अशी की लोकांनी विचारलं आणि मी सांगत सुटले. मुख्याध्यापक म्हणाले, दर रविवारी जायचे? मी म्हटलं, दर रविवारी. ट्रायपॉड कसा, तर लाकडी, खाली डालड्याची झाकणं, मधोमध दगड. वारा श्वास घेतो त्या क्षणी बटण दाबायचे, असंही सांगितलं. मला जराही अडखळायला झालं नाही. कालवफोड्याखाली माझं नाव लावायचं होतं, तेही लावलं नाही. तोही त्यांच्याच नावावर गेला. तो एकच फोटो तिथे असा होता, ज्यातला पक्षी मी स्वतः पाहिला होता.

तिपाई काशीबाईंना दिली. पट्टी काढून टाकली आणि वरून दोरी बांधली की बोंबलांच्या दांडीला टेकू होतो. “आता लंगडत नाय,” म्हणाल्या.

हर्षदा माझ्या काळजीत आहे. एकटीनं घरात बसू नकोस, म्हणून दर आठवड्याला पत्र येतं. रविवारी काय केलंस, कुठे गेलीस, कोण भेटलं, जेवलीस का. माझ्याच वळणाची आहे ती. अक्षर सुद्धा माझंच आहे. मी तिला कळवलं की मी आता बाबांसारखी चिंचणीला जाते. तिला फार बरं वाटलं. नवीन फोटो पाठव म्हणते, तिला तिच्या दिवाणखान्यात लावायचे आहेत.

रविवारी सकाळच्या शटलने मी उमरोळीला उतरते. डबा नेते. दामू चहा आणून ठेवतो आणि निघून जातो. रोजनिशीत तारीख टाकून पान तसंच सोडते. त्या बाकावर बसून मी सुरुवातीला ह्यांचा विचार करत होते. हल्ली तोही होत नाही, आणि दुपारी झोप लागते. ते तिथे सुखी होते, हे मला कळलं आहे. ते कळायला नको होतं.

काशीबाई परवा बाजारात भेटल्या. म्हणाल्या, पाखरं गेली बाय सगली, किनारा मोकला जाला. हर्षदाला ते माहीत नाही.

तुम्ही गंगापूरच्या धरणावर जात असाल, तुमची तिपाई घेऊन. नवीन काही चांगलं निघालं असेल तर दोन फोटो मला पाठवा. आणि मागे चार ओळी लिहा, वारा कसा होता, ऊन किती होतं. पक्षी समुद्रावरचा नसला तरी चालेल. हर्षदाला फरक कळणार नाही. मला तरी कुठे कळला होता.

शरयू